चहा, बुंद व काढा : मराठी घरांतील उष्ण पेयांविषयीं

जुन्या घराण्यांचीं दप्तरें तपासणाऱ्या मंडळींचा एक परिपाठ आम्हीं अनेक वेळां पाहिला आहे. रुमाल सुटला कीं प्रथम सनदा व निवाडपत्रें बाजूस काढावयाचीं, मग राजकारणाचीं पत्रें, नंतर वंशावळी व पोथ्या. आणि सर्वांच्या शेवटीं ज्या घरखर्चाच्या वह्या, किराण्याच्या याद्या व काढ्यांचीं टिपणें उरतात तीं पुनः जशींच्या तशीं बांधून माळ्यावर टाकावयाचीं, अगर रद्दीच्या ढिगांत लोटावयाचीं. या परिपाठास आम्ही स्वतःही अपवाद नव्हतों. पेशवाई बुडाल्यानंतरचा म्हणजे इ. स. १८१८ नंतरचा कागद असला तर तो उलगडण्याचेही श्रम आम्ही घेत नसूं. या आळसाचा दंड कोठें भरावा लागतो हें एका अगदीं साध्या प्रश्नावरून ध्यानांत येतें. मराठी घरांत चहा केव्हां व कोणत्या वाटेनें आला? आज ज्या पेयावांचून पाहुण्याचें आगतस्वागत होत नाहीं, त्याच्या आगमनाची हकीकत परदेशी प्रवाशांच्या पुस्तकांवरून व शब्दांच्या घडणीवरून जुळवावी लागते. ती येथें जुळविण्याचा प्रयत्न केला आहे. आणि त्याबरोबरच, चहासंबंधानें पुण्यास शके १८१२ मध्यें जें विख्यात प्रकरण उद्भवलें त्याविषयीं रूढ झालेल्या एका समजुतीची तपासणी केली आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, ऊन पेय ही वस्तु आपणांस परक्यांनीं शिकविली नाहीं. वैद्यकांतील पंचविध कषायकल्पना वाचकांस ठाऊक आहेतच : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. शार्ङ्गधरानें क्वाथाचें प्रमाण असें दिलें आहे कीं, एक पल कुटलेल्या औषधास सोळापट पाणी घालून मातीच्या भांड्यांत मंदाग्नीवर कढवावें व अष्टमांश उरलें म्हणजे उतरावें. फांटाची कृति निराळी. त्यांत औषध कढवीत नाहींत. कुटलेल्या औषधावर चौपट ऊन पाणी ओतून तें कांहीं वेळ ठेवतात व नंतर गाळून घेतात. चहाची पत्ती किटलींत घालून वर आधणाचें पाणी ओतणारा साहेब वस्तुतः फांट करीत होता. आणि पत्ती, आलें, साखर व दूध एकत्र घालून तें सर्व खळखळां उकळणारी आमची गृहिणी क्वाथ करीत आली आहे. चिनी मनुष्य ज्या पत्तीस नुसत्या ऊन पाण्याचा स्पर्श पुरेसा मानतो ती आपल्याकडे उकळली गेली, याचें कारण बायकांचें अज्ञान नव्हे. पाल्याचा रस काढावयाचा म्हणजे तो कढवावयाचा, ही जी शेंकडों वर्षांची हातवळणी होती तिच्यांतच ही नवी पत्ती जाऊन बसली. ‘उकाळा’ हा शब्दच या वळणाची साक्ष देतो.

घरगुती बाडें चाळणाऱ्यांस या हातवळणीचा पुरावा पदोपदीं सांपडतो. एका पानावर एखादें स्तोत्र, पुढच्यावर विंचवाचा मंत्र, त्याच्या पाठीवर सर्दीपडशाचा किंवा बाळंतिणीचा काढा, अशी त्यांची रचना. सुंठ, मिरीं, पिंपळी, ज्येष्ठमध, दालचिनी, गवती चहा, तुळस हीं द्रव्यें बहुधा तींच. परंतु प्रमाणें घराघराचीं निराळीं, आणि त्या प्रमाणांचा अभिमानही निराळा. बाळंतकाढ्याचें टिपण सासूकडून सुनेकडे जावयाचें. जें तोंडानें जात असे तें कागदावर उतरविण्याचें कारण बहुधा एखादी सून दूर देशीं जाणें किंवा एखादी सासू अकालीं वारणें हेंच असे. कोजागरीचें आटींव दूध, थंडींतील सुंठीचें पाणी, आजाऱ्याची पेज, हीं सर्व याच वर्गांतलीं. मात्र यांपैकीं कोणतेंही पेय पाहुण्यास आल्याबरोबर देण्याची रीत नव्हती. आल्यागेल्यास पाय धुण्यास पाणी, पिण्यास पाणी व गूळ, आणि उठतांना पानसुपारी, हा शिष्टाचार. काढा रोग्याचा व पानसुपारी पाहुण्याची, अशी ही वांटणी होती. चहानें पुढें जी उलथापालथ केली ती या वांटणीची. तेव्हां ती लक्षांत ठेवणें अवश्य आहे.

बाहेरून आलेल्या दोन पेयांत आपल्या किनाऱ्यावर प्रथम ठळकपणें दिसतें तें बुंद अथवा कावा. अरबीत फळास ‘बुन्न’ व पेयास ‘कहवा’. मराठींत त्यांचेंच बुंद व कावा झालें. मोखा बंदराशीं सुरतेचा व्यापार मोठा, व हाजच्या यात्रेचीं जहाजें त्याच वाटेनें जात. सर टॉमस रो याचा पाद्री एडवर्ड टेरी हा १६१७ पासून कांहीं काळ मांडवगड व अहमदाबाद येथें मोगल बादशहाच्या छावणीबरोबर होता. मद्य न पिणारे धर्मनिष्ठ लोक एक काळें बीं पाण्यांत उकळून त्याचें पेय घेतात, त्यास कॉफी म्हणतात, व तें पचनास आणि मनाच्या तरतरीस चांगलें असें त्यानें लिहून ठेविलें. त्याचें पुस्तक मात्र १६५५ मध्यें छापलें गेलें. त्याच शतकांत बाबा बुदन या फकिरानें अरबस्थानांतून सात दाणे लपवून आणून चिकमगळूरच्या डोंगरांत लाविले अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेस आम्ही आख्यायिकेहून अधिक मान देत नाहीं; पण त्या डोंगरास आजही त्याचें नांव आहे, आणि कॉफीचे मळे तेथेंच वाढले, एवढें खरें.

चहाविषयीं जुने उल्लेख पुनः सुरतेचेच आहेत. जर्मन प्रवासी मांडेलस्लो हा १६३८ मध्यें सुरतेस इंग्रजांच्या वखारींत उतरला होता. वखारवाल्यांच्या रोजच्या बैठकींत चहाच घेत. देशी लोक तसेच वलंदेज व इंग्रज त्याचा पोटशुद्धीचें औषध म्हणून उपयोग करीत. आणि इराणी लोक चहाऐवजीं कहवा पीत, असें त्याच्या प्रवासवृत्तांत आहे. या वृत्ताविषयीं सावधगिरी हवी. मांडेलस्लो १६४४ मध्यें वारला. त्याचे कागद ओलिआरियस यानें संपादून प्रसिद्ध केले, आणि पुढील फ्रेंच आवृत्तींत परक्यांची भर बरीच पडली. म्हणून त्यांतील एकेका वाक्यावर इमारत उभारणें धोक्याचें. परंतु पन्नास वर्षांनंतर, १६८९ मध्यें, सुरतेस आलेला पाद्री ओविंग्टन जें सांगतो तें याशीं जुळतें. वाणी लोक चहा खडीसाखरेबरोबर, किंवा मुरवलेलीं लहान लिंबें घालून घेतात; आणि गरम मसाला घालून घेतलेला चहा डोकेदुखी, मूतखडा व पोटांतील मुरडा यांवर गुणकारी समजतात, असें त्याच्या १६९६ च्या पुस्तकांत आहे. चहाच्या गुणांवर त्यानें १६९९ मध्यें एक स्वतंत्र निबंधही लिहिला. तेव्हां या विषयाकडे त्याचें लक्ष विशेष होतें असें मानण्यास हरकत नाहीं.

ओविंग्टनच्या या वाक्यांत आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें तें मसाल्याचें. सुरतेचा वाणी ही परदेशी पत्ती काढ्याच्या शिस्तींत बसवून घेत होता; तिला रोग नेमून दिले होते, अनुपान नेमून दिलें होतें. दूध मात्र त्या वर्णनांत नाहीं. ज्या मसाल्याच्या चहास आपण अलीकडची चैन समजतों त्याचा अर्धा भाग तरी, म्हणजे मसाल्याचा, औरंगजेबाच्या काळाइतका जुना आहे.

आतां शब्दाकडे वळूं. चिनी भाषेंत या वनस्पतीस दोन उच्चार आहेत. फुकिएन प्रांताच्या बंदरांतील ‘ते’ हा वलंदेजांच्या जहाजांवरून युरोपांत गेला व त्यापासून इंग्रजी ‘टी’ झाला. दुसरा ‘चा’, तो खुष्कीनें इराणांत जाऊन ‘चाय’ झाला, आणि मकाव येथून पोर्तुगीझांनीं ‘चा’ म्हणूनच उचलला. हिंदुस्थानी भाषेनें फारशी रूप यकारासकट घेतलें. पण गुजरातींत ‘चा’, कोंकणपट्टींत ‘च्या’ किंवा ‘चा’, व लेखी मराठींत ‘चहा’; यांत अंत्य यकार कोठेंच नाहीं. पश्चिम किनाऱ्यावरील हीं रूपें दिल्लीच्या वाटेनें न येतां समुद्राच्या वाटेनें, पोर्तुगीझांकडून आलीं असावीं असा आमचा कयास आहे. बटाटा, काजू, पाव, पगार, घमेलें हे शब्द ज्या गलबतांतून उतरले त्यांतूनच हा उतरला असल्यास नवल नाहीं. ‘चहा’ मधील हकार कोठून आला हें मात्र या कयासानें उलगडत नाहीं. दोन आकार जवळ आले असतां मध्यें हकार शिरणें मराठीस अपरिचित नसलें तरी तेवढ्यावरून निकाल देण्यास आम्ही धजत नाहीं.

पोर्तुगीझांचा विषय निघालाच आहे तर एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. पोर्तुगालची राजकन्या कॅथेरिन हिचा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशीं विवाह १६६२ मध्यें झाला. त्या विवाहाच्या तहानें मुंबई बेट इंग्रजांस आंदण मिळालें, व तें प्रत्यक्ष ताब्यांत १६६५ मध्यें आलें. आणि सासरच्या दरबारांत चहाची आवड रुळविण्याचें श्रेयही परंपरेनें त्याच राजकन्येस देतात. पुढें दीडदोनशें वर्षांनीं इंग्रज आपणांस मुंबईच्या वाटेनें चहा पाजूं लागला. एका आंदणांतून आलेले हे दोन पदार्थ असे पुनः एकत्र आले.

मध्यंतरीचा काळ आम्ही भराभर ओलांडतों. आसामांत चहाचें झाड रानांत उगवतें हें रॉबर्ट ब्रूस यास १८२३ मध्यें कळलें; आसामचा पहिला माल लंडनांत १८३९ च्या आरंभीं लिलावांत निघाला, व त्याच वर्षीं आसाम कंपनी स्थापन झाली. तोंपर्यंत इकडे येणारा चहा चीनचा व महाग होता. इंग्रजी शिकलेला कारकून, मामलेदार व वकील यांच्या घरीं तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिरला. यानंतर आम्ही पुण्यास येऊन थांबतों.

पुण्यांत गुरुवार पेठेंत, जिला पूर्वीं वेताळ पेठ म्हणत, पांच हौदांवरून पंचहौद हें नांव मिळालेल्या जागीं ख्रिस्ती मिशनाचें ठाणें आहे. तेथें १८९० च्या ऑक्टोबरांत व्याख्यानाच्या निमित्तानें शहरांतील प्रतिष्ठित मंडळी बोलावली गेली. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते. व्याख्यान झाल्यावर पाहुण्यांपुढें चहा व बिस्किटें आलीं. कोणीं चहा घेतला, कोणीं पेला हातीं घेऊन यजमानाचा मान राखला व तसाच खालीं ठेवला. ही सर्व जुळवाजुळव डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळ विनायक जोशी यांची. पुढें त्यांनींच हजर असलेल्यांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत छापविलीं, आणि शहर पेटलें. सनातनी पक्षानें प्रकरण शंकराचार्यांकडे नेलें. आचार्यांनीं चौकशीसाठीं शास्त्री पाठविले. पंचनामे, जबान्या, वादविवाद झाले. टिळकांनीं आपण काशीस सर्वप्रायश्चित्त घेतल्याचें दाखविलें. रानड्यांनीं व इतर कांहीं मंडळींनीं १८९२ मध्यें प्रायश्चित्त घेतलें, आणि त्याबद्दल सुधारक पक्षाकडून त्यांस कठोर शब्द ऐकावे लागले.

या प्रकरणावरून अशी समजूत रूढ आहे कीं, त्या काळीं ब्राह्मणांस चहा हेंच अपेय होतें. जणूं चहा म्हणजे मद्याची धाकटी बहीण. आमच्या मतें ही समजूत चुकीची आहे. आरोपाचा रोख पहावा. अमक्यानें चहा प्याला एवढाच आरोप असता तर मिशनाच्या दिवाणखान्यांतील मंडळींची यादी छापण्याचें प्रयोजन नव्हतें; घरीं चहा पिणारे पुण्यांत त्या वेळीं थोडे नव्हते, आणि त्यांच्यावर कोणीं फिर्याद केली नाहीं. दोष होता तो म्लेंच्छाच्या घरीं, त्याच्या हातचें, पाण्यांत शिजवलेलें घेण्याचा. चहाच्या जागीं तेथें लिंबाचें सरबत असतें तरी प्रकरण हेंच झालें असतें. बिस्किटांचा आरोप तर चहाहूनही जड होता, कारण तें भाजलेलें अन्न. पत्तीस दोष नसून पाण्यास व हातास होता. ज्या स्थळाचें नांवच पाण्याच्या हौदांवरून पडलें तेथें पाण्यावरून हा तंटा व्हावा, हाही एक योगच.

पात्राचाही प्रश्न यांत गुंतलेला आहे, व त्याकडे या प्रकरणाच्या लेखकांनीं पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धि सांगितली आहे. तांबें, पितळ, कांसें हीं राख, आंबट व पाणी यांनीं शुद्ध होतात. मातीचें भांडें मात्र पुनः भाजल्यावांचून शुद्ध होत नाहीं. चिनी मातीचा पेला कितीही गुळगुळीत असला तरी शास्त्र्याच्या दृष्टीनें ती माती. ज्या पेल्यास काल दुसऱ्याचे ओठ लागले तो आज धुऊन पुढें आला तर तो उष्टाच. म्हणून जुन्या मराठी घरांत चहा पुष्कळ दिवस फुलपात्रांतून व वाटींतून प्याला जाई, आणि कपबशी आली तरी ती सोवळ्याच्या स्वयंपाकघराबाहेर, ओटीवरच्या फडताळांत राही. तंजावराकडील घराण्यांत, ज्यांत एकोजीच्या वेळेपासून तेथें राहिलेलीं मराठी घराणींही आहेत, हाच प्रश्न अधिक नीटसपणें सुटला. तेथें कॉफी पितळेच्या डबऱ्यांत व पेल्यांत देतात. पेल्यास कांठ वळवलेला असतो, व ती वरून धार धरून, ओठ न लावतां घेतां येते. एकाच धर्मशास्त्रानें दोन ठिकाणीं दोन प्रकारचीं भांडीं घडविलीं, याचें हें चांगलें उदाहरण.

या प्रकरणाचें खरें ओझें कोणावर पडलें, हें दप्तरांत दिसत नाहीं. सभा, पत्रें, जबान्या हा पुरुषांचा व्यवहार. परंतु बहिष्काराचा अर्थ असा कीं, श्राद्धाला ब्राह्मण नाहीं, मुंजीला व लग्नाला भटजी नाहीं, आणि माहेरवाशीण घरीं जेवावयास यावी कीं नाहीं याची धास्ती. टिळकांसारख्या करारी पुरुषासही घरच्या कार्यांना भटजी मिळविण्याची अडचण सोसावी लागली. रानड्यांच्या घरची हकीकत रमाबाईंनीं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या १९१० च्या पुस्तकांत दिली आहे, आणि ती वाचतांना कळतें कीं, ज्या बायकांनीं त्या पेल्यास स्पर्शही केला नव्हता त्यांच्याच व्रतवैकल्यांवर व श्राद्धपक्षांवर त्याचा शिंतोडा उडाला. रानड्यांच्या प्रायश्चित्तास कोणी दुबळेपणा म्हणतात. संकटांत सांपडलेल्या इतर मंडळींच्या घरांचा विचार त्यांच्या मनांत होता, हें ध्यानांत घेतलें तर तो शब्द आम्हांस तरी वापरवत नाहीं. आगरकरांच्या पक्षाची टीका तत्त्वतः बरोबर होती. पण तत्त्वाची किंमत ज्यांनीं चुकवावयाची त्या स्वयंपाकघरांतल्या होत्या, आणि त्यांस कोणीं विचारलें नव्हतें.

पुढच्या पन्नास वर्षांत हें सर्व वितळून गेलें. तें कोणत्याही व्याख्यानानें झालें असें आम्हांस वाटत नाहीं. १९०३ मध्यें चहाच्या निर्गतीवर सेस बसविणारा कायदा झाला, व त्या पैशांतून मळेवाल्यांनीं या देशांतच गिऱ्हाईक निर्माण करण्याचा उद्योग आरंभिला. तो विशेष जोरानें १९३० नंतर चालला. रेल्वेच्या स्टेशनांवर, गिरण्यांच्या दारांशीं, बाजारांत चहा करून दाखवणारे उभे राहिले. मुंबईस व पुण्यास इराण्यांचीं दुकानें झालीं; पुण्यांत राजस्थानांतून आलेल्या ब्राह्मण कुटुंबांनीं अमृततुल्य या नांवानें चहाचीं दुकानें मांडलीं, आणि ब्राह्मणाच्या हातचा, पितळेच्या पातेल्यांत उकळलेला, वेलची-आल्याचा चहा मिळूं लागल्यावर सोवळ्या माणसाचीही मोठीशी तक्रार उरली नाहीं. ज्या हाताबद्दल १८९० मध्यें भांडण झालें तो हातच बदलला. गांधीजींनीं १९४२ च्या आपल्या आरोग्यावरील लेखांत चहाचा निषेध केला. तो निषेध लोकांनीं आदरानें वाचला व वाचतांना चहा घेतला.

पानसुपारीची जागा चहापाण्यानें घेतली. मुलगी पहावयास आलेल्या मंडळींपुढें ती मुलगी पूर्वीं कुंकवाचा करंडा किंवा पानाचें तबक घेऊन येई. नंतर चहापोह्यांचें आणूं लागली. तिनें केलेल्या चहावरून तिच्या हाताची पारख होऊं लागली, आणि चहांत आलें किती, गवती चहा कीं वेलची, दूध आधीं कीं नंतर, कॉफींत जायफळ उगाळून घालावें कीं किसून, हे घराण्याघराण्यांचे संप्रदाय बनले. काढ्याच्या प्रमाणांवरचा तो जुना अभिमान येथें नव्या भांड्यांत उतरला आहे. फरक एवढाच कीं, काढ्याचें टिपण बाडांत आहे व चहाचें कोठेंच नाहीं. ‘चहापाणी’ या शब्दास पुढें कचेऱ्यांतून जो दुसरा अर्थ चिकटला त्याची चर्चा येथें अप्रस्तुत. पानसुपारीसही तो पूर्वीं होताच.

कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं तमाखू, जिलबी, नथ अशा क्षुल्लक गणलेल्या वस्तूंचा इतिहास संस्कृत पोथ्यांतून तारीखवार लावून दाखविला. रामदासकालीन रघुनाथ नवहस्त याच्या ‘भोजनकुतूहल’ ग्रंथाकडे अभ्यासकांचें लक्ष त्यांनींच वेधलें. चहा व बुंद यांच्याकरितां पोथ्यांपेक्षां घरखर्चाच्या वह्याच अधिक उपयोगी पडतील, आणि त्या आमच्या वाचकांच्या माळ्यांवर आहेत. ज्यांच्याजवळ सुमारें शके १७०० ते १८४० या काळांतील मोडी जमाखर्च असतील त्यांस आमची विनंति आहे कीं, त्यांत बुंद, कावा, काफी, चहा, चहाची पुडी, किटली, पेला-बशी यांपैकीं कोणताही शब्द आढळल्यास त्या पानाची नक्कल, पुढील व मागील ओळींसह, मंडळाकडे पाठवावी. शब्द किराण्याच्या सदरांत आहे कीं औषधाच्या, माल तोळ्यांनीं मोजला आहे, नवटांकांनीं कीं शेरांनीं, आणि तो आणण्यास कोण गेलें, हें मुद्दाम पहावें. चहा औषधाच्या सदरांतून किराण्याच्या सदरांत ज्या वर्षीं सरकला तें वर्ष एका जरी घराण्यापुरतें निश्चित करतां आलें तरी पुष्कळ काम होईल. वही मूळ पाठविण्याची आवश्यकता नाहीं. पण ती वाळवी लागलेली असली तर नकलेची वाट न पाहतां आधीं ती रुमालांतून काढून उन्हांत ठेवावी.